लाल जॅकेटवाला कुत्रा

अमेरिकेत पुष्कळ दुकानांच्या आणि हॉटेलांच्या दारावर 'पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. तिच्याच खाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ असते: 'सर्व्हिस ॲनिमल चालेल.' या दोन ओळींच्या मधल्या फटीतून गेल्या काही वर्षांत तिथे कुत्री, मांजरं, डुकरं आत शिरली आहेत. एकदा तर विमानात शिरायला मोरसुद्धा आला होता. विषय लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या हैदराबादेतून दरवर्षी किती मुलं एम.एस.साठी तिकडे जातात हे सांगायला नको. तिथे ती घर भाड्याने घेतात, एकटेपणाला कंटाळून कुत्रं-मांजर पाळतात, आणि मग कुणीतरी रूममेट सांगतो, "अरे, शंभर डॉलरमध्ये लेटर मिळतं, घरमालक काही करू शकत नाही." ते लेटर म्हणजे काय, आणि ते खोटं असलं तर त्याचा भुर्दंड कुणाला बसतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण निम्मा घोळ शब्दांचाच आहे. पहिला प्रकार सर्व्हिस डॉग. हा एका विशिष्ट अपंग माणसासाठी विशिष्ट काम शिकलेला कुत्रा असतो. अंधाला वाट दाखवणं, बहिऱ्याला दाराची घंटा वाजल्याचं सांगणं, फिट येणाऱ्याजवळ थांबून मदत बोलावणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देणं, ही त्याची कामं. दुसरा प्रकार इमोशनल सपोर्ट ॲनिमल, म्हणजे मनाला आधार देणारा प्राणी. याला काही शिकवलेलं असावं लागत नाही. तो जवळ असतो, एवढंच त्याचं काम. तिसरा थेरपी डॉग. तो मालकासाठी नसतोच, तो मालकासोबत हॉस्पिटलात किंवा शाळेत जाऊन इतरांना धीर देतो. चौथा साधा पाळीव कुत्रा, जो घरोघर असतो आणि ज्याच्यावर घरातल्या माणसांचा जीव असतो. अडचण अशी, की चौघेही दिसायला कुत्रेच. लाल जॅकेट घातलं की कुणी कुठला, हे ओळखता येत नाही.

पहिल्या प्रकाराला एवढा मान का, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल. आंधळा माणूस आणि कुत्रा ही जोडी जुनीच. कॅथलिक बायबलमधल्या तोबीतच्या पुस्तकात म्हातारा तोबीत आंधळा होतो, त्याचा मुलगा प्रवासाला निघतो आणि घरचा कुत्रा बरोबर जातो. (वाचताना गंमत वाटते, कुत्रा जातो डोळस मुलाबरोबर!) पण कुत्र्याला पद्धतशीर शिकवून अंधांच्या हाती देण्याचं काम सुरू झालं ते पहिल्या महायुद्धात. लढाईत डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथे १९१६ साली तशी शाळा निघाली. पुढे डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतली अशी एक शाळा पाहिली. त्या तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहत होत्या आणि जर्मन शेफर्ड कुत्री तयार करत होत्या. त्यांनी १९२७ साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये त्या शाळेवर लेख लिहिला. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवला. फ्रँकने बाईंना पत्र लिहिलं, स्वित्झर्लंड गाठलं आणि १९२८ मध्ये 'बडी' नावाची कुत्री घेऊन तो परत आला. न्यूयॉर्कमधला एक अतिशय गजबजलेला रस्ता त्याने पत्रकारांसमोर बडीच्या भरवशावर ओलांडून दाखवला आणि बाईंना तार केली. तारेत एकच शब्द होता: यश. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली. ती आज न्यू जर्सी राज्यात आहे.

हा कुत्रा नेमकं काय करतो, याबद्दल पुष्कळांची समजूत चुकीची असते. त्याला 'स्टेशनला चल' म्हटलं की तो नेतो, किंवा सिग्नल हिरवा झालेला त्याला कळतो, असं काही नाही. रस्ता कुठे वळतो हे माणसाच्या डोक्यात असतं. रहदारीचा आवाज ऐकून कधी निघायचं, तेही माणूसच ठरवतो आणि 'पुढे' असं सांगतो. कुत्र्याचं काम मधलं. खड्डा, पायरी, खांब, डोक्याला लागेल अशी झाडाची फांदी टाळायची. फांदी त्याच्या स्वतःच्या डोक्याला लागणार नसते, तरी माणसाच्या उंचीचा विचार त्याने करायचा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही, की मालकाने 'पुढे' म्हटलं आणि समोरून गाडी येत असली, तर आज्ञा मोडायची. जागचं हलायचंच नाही. आज्ञा पाळायला कुठल्याही कुत्र्याला शिकवता येतं. कधी मोडायची हे शिकवणं फार थोड्यांना जमतं आणि फार थोड्या कुत्र्यांना समजतं. पिल्लू असताना वर्षभर किंवा थोडा जास्त काळ ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढतं, माणसांची, गर्दीची, आवाजांची सवय करून घेतं. मग काही महिने शिक्षकाकडे आणि त्यानंतर काही आठवडे ज्याच्याकडे जायचं त्या माणसाबरोबर. सगळीच कुत्री पास होत नाहीत. जी होतात त्यांच्या मागे हजारो डॉलरांचा खर्च असतो. तो मुख्यतः देणग्यांतून भागतो.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा मोठा कायदा २६ जुलै १९९० रोजी झाला. त्याखाली दुकान, हॉटेल, दवाखाना, सिनेमागृह अशा सार्वजनिक ठिकाणी सर्व्हिस ॲनिमलला मालकाबरोबर जाऊ द्यावंच लागतं. १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी 'सर्व्हिस ॲनिमल' म्हणजे फक्त कुत्रा, असं ठरवून टाकलं. लहान जातीच्या घोड्यांसाठी वेगळी, मर्यादित तरतूद आहे. (हो, घोडे. काही अंध लोक ते खरोखर वापरतात.) नुसत्या सहवासाने बरं वाटतं, एवढ्यावर या कायद्याखाली हक्क मिळत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केलं गेलं. इथे एक बारीक फरक आहे. मालकाला घबराटीचा झटका येणार हे कुत्र्याला आधीच जाणवत असेल आणि अशा वेळी ठरावीक कृती करायला तो शिकलेला असेल, तर तो सर्व्हिस डॉग. मानसिक आजाराचा म्हणून त्याला कमी लेखायचं नाही. तोच कुत्रा नुसता मांडीवर बसून बरं वाटायला लावत असेल, तर नाही.

या कायद्याचा सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखा भाग दारावरच्या प्रश्नांचा आहे. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? बस. आजार कोणता, हे विचारायचं नाही. कागद मागायचा नाही. 'करून दाखवा' म्हणायचं नाही. सरकारी नोंदणी नाही, ओळखपत्र नाही, जॅकेटची सक्ती नाही. कुत्रा संस्थेतच शिकलेला असावा अशीही अट नाही. ज्याला संस्थेची वाट पाहणं परवडत नाही, तो घरी स्वतः शिकवू शकतो.

आपल्याकडे प्रत्येक सवलतीला तीन झेरॉक्स आणि एक शिक्का लागतो, त्यामुळे हे वाचून कुणालाही पहिल्यांदा वाटेल, की असा कसा भोळा कायदा? पण तो भोळेपणा नव्हता. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाकडे आपण खुर्चीची पावती मागत नाही. तसंच कुत्र्याच्या बाबतीत. अंध माणसाला ब्रेड घेताना, बँकेत जाताना, बसमध्ये चढताना, दिवसातून दहा वेळा आपलं अपंगत्व सिद्ध करायला लावलं, तर दार उघडं असून उपयोग काय? म्हणून कायद्याने ठरवलं की माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. आणि हा विश्वास सगळ्या अपंग लोकांच्या नावावर मिळून एकाच खात्यात जमा आहे. ढोंग करणारा त्याच खात्यातून काढतो.

इमोशनल सपोर्ट ॲनिमलचा हक्क दुसऱ्या कायद्यांतून आला, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात १९८८ साली अपंगत्वाचा समावेश झाला. त्याच्या आधारे 'पाळीव प्राणी नकोत' असं म्हणणाऱ्या घरमालकालाही मानसिक आजार असलेल्या भाडेकरूच्या प्राण्यासाठी अपवाद करण्याची वेळ येते. तेही पाळीव प्राण्याचं जास्तीचं भाडं न लावता. कॉलेजच्या वसतिगृहांना हे लागू आहे का, यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या शाखेविरुद्ध सरकारने खटला भरला होता. एका विद्यार्थिनीला चिंतेच्या विकारासाठी छोटा कुत्रा जवळ ठेवायचा होता आणि विद्यापीठाने नकार दिला होता. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वसतिगृह हेही घरच आहे, कायदा लागू आहे. २०१५ मध्ये विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे ही सवलत बनावट नाही, आणि तिची गरज असलेली माणसंही खरी आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून प्रत्येक इमोशनल सपोर्ट ॲनिमलवाला लबाडच असं कुणाला वाटायला नको. नैराश्याने अंथरुणातून उठू न शकणारा मुलगा मांजराला खायला घालायचं म्हणून उठतो. यात हसण्यासारखं काही नाही.

विमानांचा कायदा १९८६ चा. त्याच्या नियमांखाली मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञाची चिठ्ठी असली, की आधार देणारा प्राणी विमानात मालकाबरोबर फुकट बसू शकत असे. कुत्राच हवा अशी अट नव्हती. २०१४ मध्ये पॅट्रिशिया मार्क्स या विनोदी लेखिकेने याची परीक्षाच घेतली. 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकासाठी त्या एकेक जनावर उसनं घेऊन फिरल्या: कासव, साप, टर्की, अल्पाका आणि डुक्कर. चिठ्ठ्या त्यांनी आधीच मिळवल्या होत्या. संग्रहालय, उंची कपड्यांचं दुकान, बस, रेल्वे, विमान अशा ठिकाणी ही वरात गेली. लोक चपापले, पण बहुतेक ठिकाणी कुणी अडवलं नाही. डुक्कर विमानाने बोस्टनला जाऊन आलं. लेख वाचून लोक पोट धरून हसले. काहींनी मात्र त्यातून युक्तीच उचलली असावी, असं नंतरचे आकडे पाहून वाटतं. विमान कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने अशा प्राण्यांची संख्या २०१६ मध्ये ४,८१,००० होती, ती २०१७ मध्ये ७,५१,००० झाली. एका वर्षात इतक्या लोकांची मनं एकदम बिघडली असं मानणं कठीण आहे.

२०१७ च्या जून महिन्यात अटलांटाहून सॅन दिएगोला निघालेल्या विमानात खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला शेजारच्या मांडीवरच्या 'सपोर्ट' कुत्र्याने चेहऱ्याला चावून जखमी केलं, टाके घालावे लागले. ती विमान कंपनी डेल्टा. तिने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं, की चावणं, अंगावर येणं, मलमूत्र अशा प्राण्यांच्या प्रकारांत २०१६ पासून ८४ टक्के वाढ झाली आहे. त्याच महिन्यात न्यूअर्क विमानतळावर तो प्रसिद्ध मोर आला. मोरासाठी वेगळं तिकीट काढायचीही मालकिणीची तयारी होती. युनायटेड कंपनीने नाही म्हटलं, फोटो जगभर गेले.

मोराचा किस्सा सगळे सांगतात, पण माझ्या मते या विषयातला महत्त्वाचा प्राणी मोर नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात एका कुटुंबाने रीतसर पैसे भरून फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू बरोबर घेतलं होतं. त्याची पेटी डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायला लावली गेली. विमान उतरेपर्यंत पिल्लू मेलेलं होतं. लोक खोटं का बोलतात याचं उत्तर या बातमीत जास्त आहे. साधा पाळीव प्राणी म्हणून न्यायचा तर एका फेरीला शंभर-सव्वाशे डॉलर, तेही सीटखाली मावेल एवढाच. मोठा कुत्रा असेल तर सामानाच्या पोटात. घराचं पोरच असलेल्या कुत्र्याला तिथे ढकलायला कुणाचा जीव होईल? उलट 'सपोर्ट' म्हटलं की फुकट, आणि पायाशी. बहुतेक लोक दुष्ट म्हणून खोटं बोलले नाहीत. त्यांना सरळ दार मिळालं नाही, शेजारचं उघडं दिसलं, ते त्यातून शिरले.

हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मुला-मुलींकडे अमेरिकेला जाणारे आपल्याकडचे आई-बाबा पाहा. चालता-फिरता येतं, रोज पार्कात तीन फेऱ्या होतात, पण तिकिटावर व्हीलचेअर मागितलेली असते. कारण गुडघा नसतो. इंग्रजीची भीती असते, फ्रँकफर्टला किंवा दुबईला विमान बदलायची धास्ती असते, आणि 'सोबत एक माणूस द्या' असं म्हणायला तिकिटाच्या अर्जात जागाच नसते. जागा असते ती व्हीलचेअरला. मग तीच मागितली जाते. हेतू निष्पाप. पण खुर्च्या मोजक्या, त्या ढकलणारी माणसं मोजकी, आणि खरोखर चालू न शकणारी एखादी आजी विमानाच्या दारात ताटकळत बसते. तिला वाट पाहायला लावणाऱ्यात वाईट माणूस एकही नसतो. तरी वाट तिलाच पाहावी लागते.

अर्थात अमेरिकेत या गरजेवर धंदा उभा राहिला. इंटरनेटवर प्रश्नावली भरा, पैसे द्या, न भेटलेल्या कुणा तज्ज्ञाची सही असलेली चिठ्ठी घ्या. दुसऱ्या प्रकारचे विक्रेते तर 'राष्ट्रीय' वाटेल असं नाव लावून कुत्र्याची 'नोंदणी' करतात आणि प्रमाणपत्र, गळ्यातलं ओळखपत्र, जॅकेट घरपोच पाठवतात. अशा नोंदणीला कायद्यात काडीची किंमत नाही, हे तिथल्या न्याय खात्याने स्वच्छ सांगितलेलं आहे. यात एक उलटाच विनोद होऊन बसला. खऱ्या सर्व्हिस डॉगला कागद लागत नाही, म्हणून त्याच्या मालकाकडे बहुधा कागद नसतो. खोट्याकडे लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. हॉटेलातल्या मुलाला कार्ड दिसलं की धीर येतो, आणि कार्ड नसलेल्या अंध माणसाकडे तो संशयाने पाहतो.

नुकसान इथूनच सुरू होतं. शिकलेला कुत्रा दुकानात आला तर पुष्कळदा कळतही नाही. तो टेबलाखाली पडून राहतो. न शिकलेला कुत्रा भुंकतो, अन्नाला तोंड लावतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर जातो. कर्मचारी बिचारे घाबरतात, कारण चुकून खऱ्याला अडवलं तर तक्रार होईल, कोर्ट-कचेरी होईल. म्हणून ते कायद्याने दिलेले दोन प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. असे दोन-चार अनुभव गाठीशी आले, की पुढच्या वेळी खरा सर्व्हिस डॉग आला तरी पहिली प्रतिक्रिया 'आता हे कोण?' अशी होते. टॅक्सीवाले तर थांबतच नाहीत. कुत्र्याला पाहून चालक निघून जातात, या तक्रारीवरून कॅलिफोर्नियातल्या अंधांच्या संघटनेने २०१४ मध्ये उबरवर खटला भरला आणि २०१६ मध्ये त्यात तडजोड झाली. ते सगळे चालक खोट्या कुत्र्यांना विटलेले होते असं नाही. काहींना केस नको होते, काहींना कुत्र्याची भीती होती. पण 'हल्ली सगळेच सांगतात सर्व्हिस डॉग' हे वाक्य नकाराला आयतं मिळालं.

आणखी एक नुकसान सहसा बोललं जात नाही. न शिकलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातो. गाईड डॉग हार्नेसमध्ये असताना उलट हल्ला करायचा नाही, असं शिकलेला असतो. त्याला जखम झाली तर ती भरते, पण मनातली भीती भरेलच असं नाही. असा कुत्रा पुढे प्रत्येक अनोळखी कुत्र्याकडे पाहत राहतो, आणि ज्याचं लक्ष रस्त्यावर नाही त्याच्या भरवशावर रस्ता ओलांडता येत नाही. मग त्याला निवृत्त करावं लागतं. मालकाच्या हातात पुन्हा पांढरी काठी येते, नव्या कुत्र्यासाठी वाट पाहणं येतं, नव्या जोडीचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून येतं. विमानतळावर तिकिटाचे शंभर डॉलर वाचवलेल्या माणसाला हा हिशेब कधी दिसतच नाही.

उपाय काय झाले? अनेक राज्यांनी खोटा सर्व्हिस डॉग सांगणं हा गुन्हा केला. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फ्लोरिडाने २०१५ मध्ये कायदा केला, त्यात शिक्षेशिवाय ३० तास समाजसेवाही आहे. वाचायला बरं वाटतं. पण कागद मागायचा नाही, आजार विचारायचा नाही, तर खोटेपणा सिद्ध कसा करणार? म्हणून हे कायदे मुख्यतः पाटीवर शोभतात, असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून जे केलं ते जास्त शहाणपणाचं वाटतं. इमोशनल सपोर्ट कुत्र्यासाठी चिठ्ठी द्यायची तर तज्ज्ञाची आणि त्या माणसाची किमान ३० दिवसांची ओळख हवी. शिवाय असे कुत्रे किंवा त्यांची जॅकेटं, प्रमाणपत्रं विकणाऱ्याने लेखी सांगायला हवं, की याने सर्व्हिस डॉगचे हक्क मिळत नाहीत. मालकाच्या मनात शिरण्याऐवजी दुकानदारीवर बोट ठेवलं.

विमानांच्या बाबतीत केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये नियमच बदलला आणि तो ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आता विमानात सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त शिकवलेला कुत्रा. मानसिक आजारासाठी शिकवलेलाही चालेल. इमोशनल सपोर्ट ॲनिमलला कंपनी साधा पाळीव प्राणी धरू शकते. मोर, डुक्कर यांची विमानयात्रा संपली. पण या बदलाची किंमत कुणी मोजली ते पाहा. कंपन्या आता सरकारी नमुन्यातला फॉर्म मागू शकतात, तो ४८ तास आधी द्यायला लावू शकतात. ज्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्या अंध प्रवाशांनाही तो भरावा लागतो. आणि तो फॉर्म बहुधा वेबसाइटवर भरायचा असतो, डोळसांच्या सोयीने बनवलेल्या. दुसरीकडे, तो मालकाने स्वतःच भरायचा असल्यामुळे ढोंग करणाऱ्याला एवढंच करावं लागतं, की काल जो 'सपोर्ट' होता त्याला आज 'शिकवलेला' म्हणायचं. खोटं सांगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, अशी ताकीद फॉर्मवर आहे. पूर्वी आजाराबद्दल खोटं बोलत, आता शिक्षणाबद्दल.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. गाईड डॉग घेऊन फिरणारे अंध भारतात फार थोडे; इथली सोबत पांढऱ्या काठीची आणि रस्ता ओलांडून देणाऱ्या हाताची. शिवाय सोसायटीत कुत्रं पाळायला आजाराची चिठ्ठी लागतच नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. (अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सांगून पाहा, मग कळेल कुणी कुणी वाचलंय ते.) म्हणून इथून गेलेल्या मुलाला अमेरिकेतला भाडेकरार वाचून धक्का बसतो. कुत्र्यासाठी वेगळी अनामत, वर महिन्याला २५ ते ५० डॉलर 'पेट रेंट', काही घरांत तर मनाईच.

तिथे जाणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. खरोखर मन खचलं असेल तर बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असतं, आधी तिथे जा. तुमच्यावर उपचार करणाऱ्या माणसाने प्राणी हवा असं लिहून दिलं, तर ती चिठ्ठी घेण्यात लाज वाटायचं काही कारण नाही आणि घरमालकालाही ती सहजी नाकारता येत नाही. पण ती चिठ्ठी घरापुरती. ती दाखवून कुत्रा किराणा दुकानात किंवा सिनेमाला नेता येत नाही. तिथे फक्त शिकवलेला कुत्रा चालतो. आणि प्रश्न नुसत्या भाड्याचा असेल, तर कुत्रं चालणारं घर शोधा किंवा ते ५० डॉलर भरा.

कॅम्पसवर कॅफेत नाहीतर दुकानात काम मिळालं, तर काउंटरच्या पलीकडे तुम्हीच उभे असाल. तेव्हा ते दोन प्रश्न विचारायला घाबरू नका, आणि तिसरा विचारू नका. जॅकेट पाहू नका, कार्ड पाहू नका, कुत्रा कसा वागतो ते पाहा. तो गडबड करत असेल आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्याने आत घाण केली, तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगता येतं, मग तो खरा सर्व्हिस डॉग असला तरी. फक्त त्या माणसाला बाहेर काढता येत नाही. कुत्रा बाहेर ठेवून त्याला आत येऊन कॉफी घ्यायची असेल, तर ती द्यावी लागते.